इटालियन काढा

सासरे येणार म्हणून घरातल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढायच्या असं ठरलं, तेव्हा अंबरीशनं त्यातली एक, फक्त एक, ठेवून घेतली. बाकीच्या त्यानं शहाण्या माणसासारख्या खोक्यात भरल्या आणि मागच्या वसाहतीत राहणाऱ्या जयेशकडे पोचवल्या. (जयेश म्हणाला, "मित्राच्या संकटात धावून जायलाच पाहिजे," आणि दारातच खोकं उघडून बसला.) तीही एक बाटली त्याच खोक्यात गेली असती, तर अंबरीश आजही आयर्लंडमधल्या नावन गावात चारचौघांसारखा जगला असता. पण नाही! काही माणसांना सुख टोचतं.

त्या बाटलीची हकिगत अशी. डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात अंबरीशचा साहेब आहे जानलुका, मिलानचा. त्यानं सुट्टीवरून येताना ती आणली होती. कँपारी. लाल भडक, लग्नातल्या शालूसारखी. बाटली हातात ठेवताना जानलुकानं एक भाषणही दिलं होतं. "हे जेवणाआधी प्यायचं. जेवताना नाही, नंतर तर नाहीच. कडू असतं, त्यानं भूक उघडते. उन्हं कलताना बाहेर बसायचं. बर्फ, सोडा, संत्र्याची फोड, तोंडात टाकायला काहीतरी खारट. आणि सावकाश! झिंगण्यासाठी पिणार असशील तर आत्ताच परत दे."

अंबरीशला आजवर पिण्याची एकच पद्धत ठाऊक होती. ग्लास भरायचा, वेफर्सची पिशवी फाडायची आणि आधी काय संपतं ते बघायचं. त्यामुळे तो दबकलाच. या बाटलीच्या लायकीची संध्याकाळ येईपर्यंत सील फोडायचं नाही, असं त्यानं ठरवलं. आता आयर्लंडमध्ये ऊन आणि शनिवार एकाच दिवशी कुठून येणार? ऊन यायचं ते मंगळवारी, आणि तेव्हा हा डब्लिनहून नावनला येणाऱ्या बसमध्ये घामाघूम. बाटली आपली तशीच.

"आणि सील न फोडलेली बाटली म्हणजे काय दारू असते का?" असं स्वतःशीच म्हणत त्यानं ती स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, त्याला आपण काय करणार?) पोह्याच्या डब्यामागं सरकवली. बायकोला सांगितलं नाही.

आता एवढी लपवाछपवी कशासाठी, असं तुम्ही विचाराल. सासरे कोण, ते ऐका. दीनानाथ, वाईच्या नगरपालिकेतले निवृत्त आरोग्य निरीक्षक आणि गेली पस्तीस वर्षं तिथल्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. मुलीसाठी, म्हणजे स्वरांगीसाठी, आलेली दोन चांगली स्थळं, त्यातलं एक तर डॉक्टर, त्यांनी एका प्रश्नावर परत पाठवली होती. तोच प्रश्न त्यांनी अंबरीशला विचारला. "घेता का?" दारात उभ्या असलेल्या स्वरांगीकडं बघत अंबरीशनं ठोकून दिलं, "छे! वाससुद्धा सहन होत नाही." झालं! तेव्हापासून दीनानाथ मंडळाच्या प्रत्येक सभेत सांगत आले होते, "माझा जावई परदेशात राहतो, पण थेंबाला शिवत नाही." वाईतल्या निम्म्या दारुड्यांना अंबरीशचं नाव पाठ होतं.

आणि खरं सांगायचं तर अंबरीशला ते फार आवडायचं. शाळेत, कॉलेजात, ऑफिसात, कुणी कधी त्याच्याकडं बोट दाखवून 'असं व्हा' म्हटलं नव्हतं. सबंध आयुष्यात एका माणसानं म्हटलं, तो हा. ते जाऊ नये, एवढंच त्याला वाटायचं.

स्वरांगीनं आधीच बजावलं होतं. "बाबांना कळलं ना, तर मी तुझ्या बाजूनं एक अक्षर बोलणार नाही. मी म्हणेन, मलाही आजच कळलं."

दीनानाथ आणि सासूबाई प्रभाताई जूनमध्ये आले. आल्या आल्या इकडच्या दमट हवेनं दीनानाथांना धरलं. सर्दी, नाक बंद, तोंडाला चव नाही. चार घास खाऊन ताट सरकवायचे. स्वरांगीनं पिठलं केलं, थालीपीठ केलं, शेवटी साधा वरणभात केला. वडील वाळत चालले आणि मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. एका दुपारी दीनानाथ म्हणाले, "थांब, आज मीच माझ्या हातानं पोहे करतो." पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

अंबरीश टीव्हीसमोर बसला होता. आतून हाक आली.

"अंबरीशराव, जरा इकडे या."

आवाज शांत होता. अंबरीश आत गेला. सासऱ्यांच्या एका हातात पोह्याचा डबा, दुसऱ्यात कँपारी. सिंकपाशी स्वरांगी, हातात साबण लावलेली कढई. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की कढई आपल्याच डोक्यात येणार याची त्याला खात्री पटली.

"हे काय आहे?" दीनानाथांनी विचारलं.

"औषध," अंबरीश म्हणाला. आता जीभ एकदा सुटली की तिला कोण आवरणार! "काढा आहे, बाबा. साहेबांनी भेट दिलेला. इटालियन काढा."

"कशावर?"

"भूक लागण्यावर."

(आणि गंमत बघा, हे शंभर टक्के खरं होतं. खोटं बोलतानासुद्धा तो इतकं खरं कधी बोलला नव्हता.)

दीनानाथांनी चष्मा लावला. लेबल इटालियनमध्ये. "इथं पंचवीस लिहिलंय. पंचवीस काय?"

"वनस्पती!" अंबरीश म्हणाला. कढई सिंकमध्ये आपटली.

दीनानाथांनी खटकन सील फोडलं आणि बंद नाकानं हुंगलं. अंबरीशनं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. पण दीनानाथांचा चेहरा उजळला. "अगदी आपल्या अरिष्टासारखा वास आहे हो!" कारण असं की हा माणूस जन्मभर वैद्यांची आसवं आणि अरिष्टं रिचवत आलेला. त्यात काय मुरलेलं असतं ते असतं, पण त्याला वाईत कुणी दारू म्हणत नाही. औषध ते औषध! त्यांनी दोन चमचे कँपारी, दोन चमचे पाणी वाटीत ओतलं आणि एका दमात घेतलं. तोंड वेडंवाकडं झालं. डोळ्यांत पाणी आलं.

"कडू जहर!" ते आनंदानं म्हणाले. "गुण येणार!"

त्या दिवशी ते तीन भाकरी जेवले आणि वर दहीभात मागितला.

स्वरांगीनं नवऱ्याला वॉशिंग मशीनच्या खोलीत ओढलं आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मशीन रिकामंच सुरू केलं.

"तुला काही लाज? माझे वडील दारू पिताहेत!"

"दोन चमचे गं."

"उद्या सांग, बाटली फुटली."

"मग दुसरी आणा म्हणतील."

"अंबरीश, पस्तीस वर्षांचं व्रत आहे त्यांचं!" तिचे डोळे भरून आले. मग ती हळूच म्हणाली, "पण जेवले रे आज. पोटभर जेवले." मशीन गरगर फिरत होतं. पुढं दोघांनाही काही सुचेना, म्हणून दोघंही गप्प बसले. आणि या घरात जे काही घडलं ते या गप्प बसण्यानं घडलं.

दीनानाथ पद्धतशीर माणूस. औषध जेवणाआधीच घ्यायचं, म्हणजे गुण येतो, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं. पाण्यानं पोटात जड वाटतं, म्हणून सोडा आला. सर्दीला सी जीवनसत्त्व चांगलं, म्हणून संत्र्याची फोड आली. पित्त उसळू नये म्हणून बर्फाचे दोन खडे आले. कडूवर काहीतरी खारट हवंच, म्हणून प्रभाताईंनी खारे शेंगदाणे आणून ठेवले. आणि उन्हाशिवाय औषध लागू पडत नाही, असं म्हणत दोघं संध्याकाळी मागच्या डेकवर खुर्च्या टाकून बसू लागले. चमच्याचं माप जाऊन फुलपात्राचा तळ आला होता. सावकाश एकेक घोट! मिलानमध्ये जन्मलेल्या जानलुकालाही जमलं नसतं इतकं अचूक. आणि त्या आठवड्यात ऊनसुद्धा रोज पडलं हो. हलकट ऊन!

अंबरीश बसमधून उतरून येई आणि शेजारी बसून नुसता बघत राही. एकदा त्याला राहवलं नाही. "बाबा, मीही थोडं घेऊ का?"

दीनानाथांनी त्याच्या पोटाकडं नजर टाकली. "तुम्हाला कशाला? तुम्हाला भूक आहेच."

प्रभाताईंनी मात्र गुडघ्यांसाठी म्हणून दोन चमचे सुरू केले. एकादशीला त्यांनी विचारलं, "उपासाला चालेल ना हो?" दीनानाथ म्हणाले, "पंचवीस वनस्पती आहेत. धान्य कुठाय?" स्वरांगी उठून आत गेली.

बाटली संपत आली. अंबरीशनं हुशारी केली. कोकमाचं आगळ, त्यात कडू किराईत उकळून, सगळं त्याच बाटलीत. तिसऱ्या दिवशी दीनानाथांनी घोट घेतला आणि फुलपात्र खाली ठेवलं. "जोर गेला याचा. दोन दिवस झाले, मन पहिल्यासारखं प्रसन्न होत नाही." आणि त्या संध्याकाळी एकच पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी स्वरांगीनं, लक्षात घ्या, स्वतः स्वरांगीनं नवऱ्याच्या हातात पिशवी दिली आणि दुसरीकडं बघत म्हणाली, "ये घेऊन." त्यानं नवी बाटली आणली आणि तिचं लेबल इंग्रजीत, म्हणून बागेतल्या शेडमध्ये बसून जुन्या इटालियन बाटलीत ओतली. वास दरवळला, जीव कासावीस झाला. पण प्यायची हिंमत झाली नाही, तोंडाला वास आला तर?

आणि अशातच केतकीचा फोन आला. केतकी म्हणजे नावनच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. मंडळाच्या उन्हाळी संमेलनात दीनानाथांनी व्यसनमुक्तीवर दोन शब्द बोलावेत, अशी सगळ्यांची इच्छा. ('सगळ्यांची' म्हणजे बायकांची.)

रविवारी नावनचा हॉल भरला होता. पोरं बाहेर मैदानात, आत आयटीवाले, औषधांच्या कारखान्यातले इंजिनियर, त्यांच्या बायका. दीनानाथ पांढऱ्या झब्ब्यात उभे राहिले. सुरुवात उत्तम झाली. अंबरीश पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता. दीनानाथांनी त्याच्याकडं हात केला. "हा माझा जावई. थेंबाला शिवत नाही!" तिसऱ्या रांगेत जयेशला खोकल्याची उबळ आली.

"पण मित्रहो," दीनानाथ म्हणाले, "पस्तीस वर्षं मी लोकांना 'सोडा' म्हणत आलो. सोडून संध्याकाळी करायचं काय, ते मला सांगता येत नव्हतं. ते मला इथं, तुमच्या गावात सापडलं." आणि त्यांनी कापडी पिशवीत हात घातला.

अंबरीश खुर्चीतून अर्धा उठला. बाटली घरीच ठेवलीय असं स्वरांगी म्हणाली होती ना? स्वरांगीनं पदर तोंडाला लावला. लाल भडक बाटली टेबलावर उभी राहिली.

त्या हॉलमध्ये असा एक पुरुष नव्हता ज्यानं ती बाटली ओळखली नाही.

"संध्याकाळी दोन चमचे, जेवणाआधी. दारूची आठवणसुद्धा होत नाही! मी स्वतः घेतो. ज्यांना सवय आहे त्यांनी लाजू नये. पुढं या. मी माझ्या हातानं देतो."

कुणी हलेना. अंबरीशला वाटलं, आता कुणीतरी हसणार. एकजण हसला की सगळा हॉल हसणार आणि त्या म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं काम इथं, या लाकडी फरशीवर पडणार. त्यानं मागं वळून जयेशकडं हात जोडले. जयेश उठला. पुढं गेला, मान खाली घालून ओंजळ केली आणि दोन चमचे घेतले. "काय वाटतंय?" दीनानाथांनी विचारलं. "फरक वाटतोय, काका," जयेश म्हणाला. "अजून दोन दिले तर पक्कं सांगता येईल."

मग काय! रांग लागली, तीर्थाला लागते तशी. जे कधी 'घेतो' म्हणून कबूल झाले नव्हते तेही उभे राहिले आणि बायका ओरडू लागल्या, "अहो, तुम्ही कधीपासून?" दीनानाथांचे डोळे पाझरत होते. "वाईत पस्तीस वर्षांत एवढे लोक पुढं आले नाहीत," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. एकही माणूस हसला नाही. अंबरीशला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. वाचलो, असं त्याच्या मनात आलं तेवढ्यात हॉलचा रखवालदार डेस किल्ल्या वाजवत आत आला.

"कँपारी का? ग्रँड!" डेस बाटलीकडं बघून म्हणाला. "माझ्या बायकोला फार आवडते. पण लोकहो, या हॉलमध्ये दारूला लायसन्स लागतं."

"दारू?" दीनानाथ हसले. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. "गैरसमज आहे तुमचा. हे औषध आहे. पंचवीस वनस्पती."

"पंचवीस टक्के अल्कोहोल, सर," डेस अदबीनं म्हणाला आणि त्यानं आकड्यापुढच्या बारीक टक्क्याच्या खुणेवर बोट ठेवलं. "व्हिस्कीच्या निम्म्याहून जास्त."

चमचा दीनानाथांच्या हातातच राहिला. त्यांनी बाटलीकडं बघितलं, रांगेकडं बघितलं. रांगेतला एकेक जण बुटांकडं बघत होता. शेवटी त्यांनी अंबरीशकडं बघितलं. मग बाटलीला बूच लावलं, चमचा पुसला, "नमस्कार" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर दीनानाथांनी चूळ भरली आणि मागच्या डेकवर जाऊन बसले. समोर काही नव्हतं, ना फुलपात्र, ना शेंगदाणे. प्रभाताई दारात येऊन म्हणाल्या, "मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. पण तुम्ही जेवत होतात." आणि आत गेल्या. ते ऐकून दीनानाथ आणखीच खचले.

अंबरीश समोर उभा राहिला. मागं स्वरांगी. एक अक्षर बोलणार नाही म्हणालेली स्वरांगी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, ती मात्र खरंच एक अक्षर बोलली नाही.

"साहेबांनी भेट दिली होती ना? औषध म्हणून फसवलं त्यांनी तुम्हाला," दीनानाथ म्हणाले. "तुम्ही कधी शिवला नाहीत, तुम्हाला काय कळणार म्हणा."

बघा, देवानं दार उघडून दिलं होतं. नुसतं "हो बाबा" म्हणायचं होतं. पण त्या माणसाचा पडलेला चेहरा बघून अंबरीशला ते म्हणवेना.

"नाही बाबा," तो म्हणाला. "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुमच्या नजरेतून उतरू नये म्हणून खोटं बोललो. तुमचं व्रत मी मोडलं."

दीनानाथांनी त्याच्याकडं रोखून बघितलं. आता बॅगा भरा म्हणणार, असं अंबरीशला वाटलं.

"म्हणजे दारू आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"रोज संध्याकाळी इथं, या खुर्चीत, माझ्या शेजारी बसत होतात."

"हो."

"सील मी माझ्या हातानं फोडलं. त्याआधी किती दिवस घरात होती?"

"आठ महिने," अंबरीश कसाबसा म्हणाला.

दीनानाथ उठले. त्यांनी अंबरीशचे दोन्ही खांदे धरले. अंबरीशनं डोळे मिटले.

"आठ महिने घरात, तीन आठवडे नाकासमोर, आणि तुम्ही थेंबाला शिवला नाहीत!" ते खांदे हलवत म्हणाले. "अहो, न पिणारे मी पुष्कळ पाहिले. असं सगळं माहीत असून, समोर भरलेलं पात्र ठेवून न पिणारा पस्तीस वर्षांत पाहिला नाही! माझं व्रत मोडलं, आता अध्यक्ष राहण्याचा मला अधिकार नाही. आणि आज जे एवढे लोक पुढं आले त्यांना वाऱ्यावर कसं सोडायचं? नावन शाखा तुम्ही सांभाळायची. तहहयात."

"बाबा, पण मी—"

"नाही म्हणू नका. खोटं बोललात त्याचं प्रायश्चित्त समजा."

अंबरीशनं आशेनं बायकोकडं बघितलं. स्वरांगीचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि त्या पाण्यातून ती हसत होती. "बाबा," ती म्हणाली, "मी केतकीला लगेच कळवते." आणि तिनं कळवलं. जेवणं होईपर्यंत मंडळाच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंबरीशचा फोटो फिरला, खाली हुद्द्यासकट.

दुसऱ्या दिवशी जयेशचा मेसेज आला. "अध्यक्षमहाराज, हार्दिक अभिनंदन! शनिवारी आमच्याकडे पार्टी आहे. सगळे येताहेत. वहिनींना नक्की पाठव. तू येऊ नकोस, लोकांना मोकळं वाटत नाही."

अंबरीशनं तो मेसेज न बोलता बायकोपुढं धरला. तिला तरी दया येईल, असं त्याला वाटलं. स्वरांगीनं तो नीट वाचला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला सोडायला आणि न्यायला तूच ये. अख्ख्या नावनमध्ये गाडी चालवायला शुद्धीवर असलेला तूच एकटा आहेस ना आता? येताना बाकीच्यांनाही घरी पोचवू."